हरणाबाईचा बाम

हरणाबाईच्या डबीत जे असायचं त्याला लोक वर्षानुवर्षं उटी म्हणत आले आणि शेवटी शेवटी बाम म्हणायला लागले. वस्तू तीच, हात तेच, वास तोच. पण घात झाला तो बाम म्हणायला लागल्यावर.

हरणाबाई आटपाडीच्या पूर्वेकडची. तिकडच्या माळावर पावसाचा भरवसा कुणी धरत नाही आणि धरलाच तर त्याला शहाणा म्हणत नाहीत. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, भांडी, कोंबड्या, तान्ही पोरं वर बांधायची आणि मेंढरं हाकत कृष्णाकाठाकडं निघायचं. उसाच्या मुलखात रानात मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेतकऱ्याला, जोंधळा आपल्याला. या मुक्कामाला धनगर वाडा म्हणतात, त्याला भिंती नसल्या तरी. हरणाबाईचा नवरा बिराप्पा सालोसाल मळेवाडीला वाडा घेऊन जायचा. आधी त्याचा बापही तिथंच जात असे. मळेवाडी म्हणजे कऱ्हाडच्या अलीकडची, ऊस पिकवणारी आणि घरटी एक माणूस पलटणीत धाडणारी.

उटी मूळ तिच्या सासूची, बयाबाईची. मेंढीच्या पोटातली चरबी कढवायची, फडक्यातून गाळायची, पोळ्याचं मेण विरघळवून तीत मिसळायचं. मग भांडं चुलीवरून उतरवून वाट बघत बसायचं. हाताला सोसेल इतकं निवलं की कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि थोडं निलगिरीचं तेल. ते गरम असताना घातलं तर वास सगळा उडून जातो आणि मागं नुसती चरबी उरते. घाई करणाऱ्या सुनेला बयाबाई म्हणायची, "कापूर काय तुज्या बापाचा गडी हाय व्हय, थांब म्हणलं की थांबायला?" हरणाबाई तिच्या हाताखाली असली बोलणी खात शिकली आणि पुढं सासूपेक्षा तिच्याच हाताला गुण आहे असं लोक म्हणायला लागले. काट्यानं फाटलेली टाच, छातीत धरलेला कफ, बाळंतिणीची कंबर, मुरगळलेला घोटा, सगळ्याला ती एकच डबी. जतकडचे कानडी बोलणारे धनगर त्याला मुलामू म्हणत. बयाबाईचा शब्द उटी. देवाला चंदनाची उटी, माणसाला ही, एवढं तिचं शास्त्र.

मळेवाडीत केरबाच्या रानात वाडा बसला होता तेव्हा हरणाबाईला पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा कळा लागल्या. मूल आडवं होतं. केरबाची बायको शालूबाई वैरण न्यायला आली होती. तिनं बघितलं आणि दोन बाया हाताशी घेऊन हरणाबाईला आपल्या गोठ्यात आणली, सुईण बोलावली. मूल गेलं, हरणाबाई वाचली. शालूबाईनं तिला न्हाऊ घातलं, बाजेखाली शेगडी ठेवली, खारीक-खोबरं कुटून खायला घातलं. पाठच्या बहिणीचं करावं तसं केलं. हरणाबाई तेव्हापासून तिला आक्का म्हणायची, आणि आक्कासाठी जीव मागितला असता तर तोही दिला असता. दुर्दैवानं तिच्याकडं कुणी जीव मागितला नाही.

केरबाचं घर माळकरी. नवराबायको दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ. मटणमासळीला तिकडं वशाट म्हणतात, पण तो शब्दसुद्धा केरबाच्या घरात तोंड फिरवून उच्चारला जायचा. केरबा तसा मनानं मऊ माणूस, बैलाला कधी आसूड मारला नाही त्यानं, पण माळेच्या बाबतीत दगड. गोठ्यातल्या त्या दिवसांत बयाबाई सुनेच्या कंबरेला लावायला उटी घेऊन आली तर त्यानं ती डबी अंगणाबाहेर ठेवायला लावली होती. तिच्यात काय असतं हे त्यानं विचारलं नाही. वाड्यावरच्या भांड्यात शिजलेली वस्तू, एवढं त्याला पुरे होतं. मळेवाडीतली बाकीची माळकरी घरंही तशीच. त्यामुळं गावातल्या निम्म्या गुडघ्यांना हरणाबाईचा हात कधी लागला नाही.

केरबाला एकुलता एक मुलगा, मानसिंग. तो पलटणीत. तिथं तो काय खातो हे घरात कुणी विचारत नसे. सुट्टीवर आला की उंबऱ्याबाहेर पाय धुवायचा, कपाळाला बुक्का लावायचा आणि पिठलं-भाकरी गोड मानून खायचा. त्यानं सांगायचं नाही, यांनी विचारायचं नाही. बरीचशी चांगली घरं अशा न विचारण्यावरच उभी असतात, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

तर बांगलादेशची लढाई झाल्यावर हा मानसिंग सुट्टीवर आला तो पाठ धरूनच. रानात बांधावर वाकडा बसलेला बिराप्पानं बघितला आणि वाड्यावरनं डबी आणून त्याच्या हातात दिली. मानसिंगनं झाकण उघडलं, हुंगलं.

"आयला, ह्यो तर बाम हाय की," तो म्हणाला. "आमच्या क्यांटीनला काचंच्या बाटलीत असतोय त्यो ह्योच."

बाम हा शब्द गावाला नवा नव्हता. मुंबईच्या गिरणीत गेलेल्यांनी बाटल्या आणल्या होत्या, ट्रंकेत कपड्यांखाली त्या असत आणि डोकं उठल्याशिवाय बाहेर निघत नसत. पण हरणीची उटी म्हणजे बाम असं म्हणणारा मानसिंग पहिला. पाठीला चोळून घेतल्यावर तो सरळ चालत घरी गेला आणि डबीही घेऊन गेला. सोप्यात केरबा बसला होता. शाळेतले नानासो गुरुजी पेपर वाचायला आले होते. मानसिंगनं डबी मधे ठेवली आणि बाम म्हणून तिची तारीफ केली.

नानासो गुरुजींना कुठलाही शब्द दिसला की त्याच्या खापरपणजापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे. ते म्हणाले, "बाम हा इंग्रजी शब्द. पण मूळचा इंग्रजांचाही नव्हे. पार अरबस्तानाकडचा. तिकडं एक झाड होतं, त्याचा सुगंधी चीक. राजांच्या डोक्याला लावायचे, जखमेवर भरायचे, आणि मोठं माणूस मेलं की मढं टिकावं म्हणून मढ्यालाही चोळायचे. पुढं पुढं दुखण्यावरच्या कुठल्याही वासाच्या मलमाला बाम म्हणायला लागले. मलमाला काय, दुःखात कुणी गोड बोललं तर त्या बोलण्यालासुद्धा."

"म्हंजी झाडाचा चीक," केरबा म्हणाला.

"मूळ झाडाचाच," गुरुजी म्हणाले.

गुरुजी शब्दाबद्दल बोलत होते, केरबानं ते डबीबद्दल ऐकलं; झाडाचा चीक म्हटल्यावर वाड्यावरचं भांडं आलंच कुठं? डबी न्यायला आलेली हरणाबाई अंगणात उभी होती. तिनं ते सगळं ऐकलं. दारात शालूबाई उभी होती, तिनंही ऐकलं. हरणाबाईनं तोंड उघडलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण केरबा आपणहून डबी उचलून हुंगत होता, आणि शालूबाई म्हणत होती, "माजा खांदा लय दुखतोय, उंद्या जरा लावून बघू." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आक्काच्या अंगाला आपला हात लागणार होता. हरणाबाई गप्प राहिली.

त्या दिवसापासून मळेवाडीत उटी मेली आणि बाम जन्माला आला. माळकरी घरांची दारं उघडली. म्हाताऱ्याकोताऱ्या वाड्यावर यायला लागल्या, "हरणे, बाम दे गं." झाडाचा चीक आहे, मास्तरांनीच सांगितलंय, अशी ग्वाही ज्याला त्याला मिळाली. हरणाबाई स्वतः तोंडानं कधी बाम म्हणाली नाही. ती नुसती डबी पुढं करायची. कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण चोळून झाल्यावर ती हात धुवायची तेव्हा तिला बरं वाटत नसे, हेही खरं. बिराप्पाला एकदा ती म्हणाली, "आपुन फसवतोय का रं लोकान्ला?" बिराप्पा म्हणाला, "त्यांचं दुखणं ऱ्हायलं नव्हं? मग झालं."

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. आटपाडीकडं माणसं खडी फोडायला लागली आणि मेंढरं उभ्या उभ्या कोसळून मरायला लागली. केरबानं त्या साली वाडा परत जाऊ दिला नाही. उसाचं वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, जनावरांना पुरेना तरी शालूबाई रोज त्यातले भारे मेंढरांकडं धाडायची. निम्मा कळप त्या वाढ्यावर जगला. हरणाबाई तिला काय देणार? संध्याकाळी तिचा खांदा चोळून द्यायची, तेवढंच.

खांदा दुखतो दुखतो म्हणताना चौऱ्याहत्तर साली कळलं की दुखणं खांद्याचं नव्हतं. काखेजवळ छातीत गाठ होती. ती शालूबाईनं कुणालाच दाखवली नव्हती, चोळताना हात तिकडं गेला की ती हरणाबाईचा हात बाजूला करायची. केरबानं तिला मिरजेला नेलं. तिथं गाठ काढली, महिनाभर ठेवून घेतलं. डॉक्टर भला माणूस होता, खोटं बोलला नाही. म्हणाला, फार उशीर झाला, कण्यात उतरलंय, आता घरी न्या आणि दुखू देऊ नका. दुखू देऊ नका म्हणणं सोपं. गोळ्या दिल्या होत्या, त्या पहिल्यांदा पुरल्या, मग पुरेनात. कऱ्हाडहून कंपाउंडर येऊन सुई टोचून जायचा, तीही दुपारपर्यंतच चालायची.

त्या वर्षी वाडा आला तो शालूबाई खाटेवर पडल्यावर. हरणाबाईनं मेंढरं, चूल, नवरा, सगळं तसंच टाकलं आणि सकाळी केरबाच्या घरी यायला लागली ती दिवस मावळल्यावर परत जायची. मानसिंग पलटणीतच होता; त्याची बायको रंगूबाई स्वयंपाकपाणी बघायची, हरणाबाई आक्काला बघायची. तळहातावर डबीतला गोळा घ्यायचा, दोन्ही हात एकमेकांवर घासून तो वितळवायचा आणि मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली, अलगद, अंगठ्यानं. शालूबाईचे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असायचे ते हळूहळू सुटायचे. डोळे मिटायची. कधीकधी घोरायचीसुद्धा. घरात सगळे मग पाय न वाजवता चालायचे. औषधाचा गुण होता का हाताचा का वासाचा, हे सांगता यायचं नाही. पण त्या बाईला दिवसातून दोनदा झोप लागत होती. तिच्या उरलेल्या आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मागण्यासारखी राहिली होती.

पौषात थंडी पडली. चरबी थंडीनं गोठते, पांढरी आणि कडक होते. एका सकाळी हरणाबाई शालूबाईची लुगडी धुवायला ओढ्यावर गेली होती. शालूबाई कण्हायला लागली. केरबा तिच्या उशाशी बसला होता. त्याला वाटलं, हरणी येईपर्यंत आपणच लावावं. त्यानं डबी उघडली तर आत दगड. बायकोच्या पाठीला गार लागू नये म्हणून तो डबी घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि आयुष्यात कधी चुलीपाशी न बसलेला तो माणूस चुलीपुढं उकिडवा बसला. डबी त्यानं निखाऱ्यांवरच ठेवली. पत्र्याची डबी ती, बघता बघता उकळली, कलंडली, आणि आतलं निखाऱ्यांवर सांडलं. कापूर भसकन पेटून गेला. मागं राहिला तो चरबी जळल्याचा वास. घरभर झाला. वशाटाचा.

हरणाबाई पिळे खांद्यावर घेऊन अंगणात आली तेव्हाच तिच्या नाकात तो वास गेला. तिनं पिळे दोरीवर टाकायच्या ऐवजी तसेच खाली ठेवले. आत केरबा चिमट्यानं डबी धरून उभा होता. रंगूबाई भाकरीचं पीठ मळता मळता थांबली होती.

"कशाचा वास ह्यो?" केरबानं विचारलं.

रंगूबाईच्या माहेरी जत्रेला बकरं पडायचं. तिला तो वास ओळखायला वेळ लागला नसणार. पण तिला सासूचं कण्हणं रोज ऐकायला यायचं, आणि ती शहाणी पोरगी होती. ती म्हणाली, "मेण आसंल, मामंजी. मेण जळल्यावर आशीच घान येती."

केरबानं हरणाबाईकडं बघितलं. "व्हय का, हरणाबाई? मेण हाय?"

फक्त मान हलवायची होती. रंगूबाई तिच्याकडं डोळ्यांनी विनवून बघत होती. केरबालाही, खरं सांगायचं तर, होच ऐकायचं होतं. त्याचा चेहराच तसा होता. पण ज्या घरानं आपल्याला मरणातून ओढून काढलं, ज्याच्या वाढ्यावर आपली मेंढरं जगली, त्या घरात उभं राहून, विचारल्यावर खोटं बोलायचं हे हरणाबाईला जमेना. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"मेणबी हाय, आबा," ती म्हणाली. "पर चरबी हाय मेंढीची. पैल्यापास्नं तीच हाय."

केरबा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, भांडण करता आलं असतं. तो नुसता म्हणाला, "मग बाम का म्हनलीस?"

"म्या न्हाई म्हनलं. तुमी म्हनत हुता."

त्यानं डबी उकिरड्यावर नेऊन टाकली. चुलीतली राख, निखारे सगळं बाहेर काढून चूल सारवून घ्यायला लावली. घरभर गोमूत्र शिंपडलं. मग पाणी तापवलं आणि बायकोला न्हाऊ घालायला काढली. अंगाला मुरलेली चरबी साध्या पाण्यानं जात नाही, म्हणून शिकेकाई लावून पाठ घासायची. तिला खाटेवरून उचललं तेव्हा जो आवाज तिच्या तोंडून निघाला तो शेजारच्या तीन घरांत ऐकू गेला. घासताना केरबा रडत होता. तिचा परलोक सांभाळतोय असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि म्हणूनच त्याला थांबवायला कुणी धजलं नाही. दुष्ट माणसाचा हात धरता येतो, अशा माणसाचा धरता येत नाही.

दुपारी तो नदीवर आंघोळीला गेला तेव्हा हरणाबाई खाटेपाशी आली. वाड्यावर जायचं तिच्यानं होत नव्हतं आणि घरात तोंड दाखवायचंही होत नव्हतं, म्हणून ती तोवर गोठ्यात बसून होती. शालूबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"कशाला बोललीस गं?" ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली.

"खोटं कसं बोलू आक्का, तुमच्या घरात?"

"मला ठावं हुतं."

हरणाबाईला आधी कळलंच नाही. "काय ठावं हुतं?"

"चरबी हाय त्ये. गुर्जी झाडाचं सांगत हुतं तवाच. माज्या बानं माळ घातली तवर आमच्यात सगळं शिजत हुतं. त्यो वास काय इसरतोय व्हय?" तिला मधेच कळ आली, ती थांबली, मग बोलली. "बाम म्हनत हुते सगळे. म्हनू देत म्हनलं. लागत हुतं मला."

"मग आता काय झालं? म्या दुसरी करून आनते. आबा रानात गेलं की लावू. कुनाला कळायचं न्हाई."

"आता कसं लावू? मालकांनी आपल्या कानानं ऐकलंय. आता मला कळलंय ह्ये त्यान्ला कळलंय. आता लावलं तर ती जानून लावल्यागत हुतंय." तिनं गळ्यातली माळ चाचपली. "जलमभर पाळलं गं ह्ये. आता दोन दिसासाटी मोडू?"

हरणाबाई म्हणाली, "माळ काडून ठिवा आक्का. देव काय तुमचं दुकनं बगत न्हाई व्हय?" असलं बोलणं आपल्या तोंडून निघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. शालूबाईनं माळ मुठीत धरून डोळे मिटून घेतले.

हरणाबाईनं हरप्रकारे करून बघितलं. केरबाच्या समोर, त्याच्याच घरच्या पातेल्यात, करडईचं तेल आणि मेण घेऊन तिनं नवं मलम केलं. कापूर, ओव्याचं फूल, सगळं तेच. वासही तोच आला. केरबानं ते स्वतः हुंगून बघितलं आणि लाव म्हणाला. पण तेल पाठीवर ठरत नव्हतं, ओघळून जायचं, आणि शालूबाईचे दात घट्टच राहायचे. दोन दिवस तिनं सोसलं आणि मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे हरणे, तुजंबी हात दुकत्यात." ती झोपली नाही ते नाहीच. कंपाउंडरची सुई दुपारपर्यंत, आणि दुपारनंतर जे काही होतं ते सगळ्या आळीनं ऐकलं. आधी आयाबाया भेटायला यायच्या, मग आवाज ऐकवेना म्हणून यायच्या बंद झाल्या. रंगूबाई कानात पदराचे बोळे घालून भाकऱ्या थापायची. हरणाबाई कानात काही न घालता शेजारी बसून राहायची, कोरडे हात तिच्या पाठीवर ठेवून. तेवढंही कधी सोसायचं, कधी सोसायचं नाही.

शालूबाई माघात गेली. माळ गळ्यात होती. तिरडीवर ठेवताना केरबा लोकांना सांगत होता की शेवटपर्यंत स्वच्छ राहिली, डाग लागू दिला नाही. लोकांनी माना डोलावल्या. हरणाबाईनं मागं उभं राहून ते ऐकलं, आणि त्या माणसाचा तिला असा संताप आला की ती स्मशानाकडं गेलीच नाही, सरळ वाड्यावर आली आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेली. पण संताप एकट्या केरबाचा नव्हता. मान हलवायची होती, नुसती मान. हे तिला मेंढरांमागं हिंडताना, भाकरी भाजताना, बोलता बोलता मधेच आठवायचं आणि हातातलं काम तसंच राहायचं. बिराप्पा म्हणाला, "तू खरं बोललीस, त्यात काय चुकलं?" ती म्हणाली, "खरं बोलून कुनाचं भलं झालं, ते सांग."

मळेवाडीतल्या माळकरी बायकांनी त्यानंतर डबी मागायची सोडली. बाकीचे मागत होते, त्यांना ती देत होती. उटी करायचं तिनं टाकलं नाही. दुसरं तिला येत काय होतं?

पुढच्या साली दिवाळीनंतर वाडा आला तो केरबाच्या रानात नाही, शेजारी नाथाजीच्या रानात बसला. केरबानं बोलावणं धाडलं होतं, पण हरणाबाईनं बिराप्पाला नको म्हणून सांगितलं. एका सकाळी ती वाड्यावर नवी उटी डब्यांत भरत बसली होती. बांधावरून काठी टेकत एक माणूस येताना दिसला. जवळ आल्यावर तिला कळलं की हा केरबा. वर्षात माणूस पार वाकला होता, कंबर एका अंगाला गेली होती. गळ्यात माळ होती. तो येऊन घोड्याच्या खोगिरावर टेकला. मेंढरांची, पावसाची विचारपूस केली. बिराप्पा लांब कळपात होता. केरबानं तिकडं एकदा बघून घेतलं.

"लय धरलंय कंबरंत," तो म्हणाला. "मिरजंला जाऊन आलो. गोळ्या दिल्यात, पर रात काढवत न्हाई." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "बाम हाय का?"

उटी नव्हे, चरबी नव्हे. बाम. त्याला काय मागतोय ते माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. हरणाबाईच्या पुढ्यात डब्या मांडलेल्या होत्या, काही भरलेल्या, काही भरायच्या, आणि पातेलं अजून कोमट होतं. कापराचा वास दोघांच्याही नाकात जात होता.

"संपला, आबा," ती म्हणाली.

केरबानं डब्यांकडं बघितलं. तिच्याकडं बघितलं. विचारलं काही नाही. मग काठीवर जोर देऊन उठला, उठताना त्याच्या तोंडून कण्हणं निघालं, आणि आल्या वाटेनं बांधावरून निघून गेला.

हरणाबाईच्या हातात रिकामी डबी होती. जन्मात ती पहिल्यांदा खोटं बोलली होती, आणि किती सहज बोलली. जीभ अडखळली नाही. एवढं सोपं होतं तर तेव्हा का जमलं नाही, आक्कासाठी का जमलं नाही, असं मनात आलं आणि तिला तिथं बसवेना. ती उठली, बांधापर्यंत गेली, आणि केरबा दिसेनासा झाला तरी तिथंच उभी राहून मोठ्यानं रडली.